‘किती वर्षांसाठी आलात?’ : यलोनाइफला जाण्याच्या एका निर्णयाचं प्रकरण

२०२४च्या ऑक्टोबरात एका रविवारी मला एक्सेलची फाइल आली. पाठवणारा माझ्या मित्राचा धाकटा भाऊ, ओंटारिओतल्या ब्रॅम्प्टनमध्ये ट्रकचा डिझेल मेकॅनिक. बायको परिचारिका. तिला कॅनडाच्या उत्तरेतल्या यलोनाइफच्या रुग्णालयातून नोकरीचं पत्र आलं होतं. फाइलमध्ये चौदा मुद्दे, प्रत्येकाला वजन, प्रत्येकाला दहापैकी गुण. खाली आकडेमोड करून निकाल : ब्रॅम्प्टन ६८, यलोनाइफ ७१. सोबत एक ओळ. "दादा, तीन गुणांनी जायचं ठरतंय. तू तिथे राहिलायस, बरोबर वाटतं का बघ."

मी यलोनाइफला सहा वर्षं काढली, आता एडमंटनला असतो. असे फोन मला वर्षातून दोन-तीन येतात. बहुतेकांना उत्तर नको असतं, होकार हवा असतो. या घराने मात्र सात महिने घेतले, माझं ऐकलं, काही ठिकाणी ऐकलं नाही आणि त्यातल्या दोन ठिकाणी तेच बरोबर निघाले. म्हणून हे लिहितोय, त्यांच्या परवानगीने. नावं गाळली आहेत.

फाइलमध्ये माझं लक्ष गेलं ते दोन ओळींवर. ‘थंडी’ला वजन दहा. ‘आई’ला चार. त्याला आईची काळजी नव्हती असं अजिबात नाही. थंडीला आकडा होता, आईला नव्हता, एवढंच.

घर

माणसं चार. तो, ती, नऊ वर्षांची मुलगी आणि त्याची आई, वय ७४, हृदयाचा त्रास. पाच वर्षांपूर्वी एक स्टेंट बसलेला. घर स्वतःचं, म्हणजे बँकेचं. २०२०मध्ये कमी व्याजदरावर पाच वर्षांसाठी बांधलेलं गृहकर्ज २०२५मध्ये नव्या दराने बांधावं लागणार होतं आणि नवा हप्ता डोळ्यांसमोर नाचत होता. ती रोज जाऊन-येऊन दोन तास गाडीत. रात्रपाळ्या. यलोनाइफचं पत्र आलं तेव्हा त्यात पगार जास्त, उत्तरेचा भत्ता वेगळा, सामान हलवण्याचा खर्च मालकाकडे, आणि रुग्णालय गावातच, गाडीने दहा मिनिटांवर.

मी पहिलाच प्रश्न केला : पैशासाठी जाताय का? तो म्हणाला, नाही, मुलीला मोकळं वातावरण मिळेल म्हणून. ती म्हणाली, "अरे, खरं सांग ना त्यांना. पैशासाठीच." हे एकदा मान्य झालं की बोलणं सोपं होतं. पैशासाठी जाण्यात कमीपणा काही नाही, पण मग पैशाचा हिशोब नीट मांडायला हवा. तो मांडलेला नव्हता.

थंडी, जिची भीती होती

यलोनाइफ ही १९६७पासून नॉर्थवेस्ट टेरिटरीजची राजधानी. ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या उत्तर काठावर, आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे ४०० किलोमीटर दक्षिणेला. गावात वीसेक हजार माणसं, म्हणजे अख्ख्या प्रदेशाच्या लोकसंख्येतली जवळजवळ निम्मी. जानेवारीचं सरासरी तापमान उणे २५ अंशांच्या आसपास, नीचांक उणे ५१.२. वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे २८ ते उणे ३९ असली तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४०च्या खाली ५ ते १० मिनिटांत.

हे सगळं त्याच्या फाइलमध्ये होतं. खरं होतं. पण निर्णयाला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण त्या गावातली प्रत्येक वस्तू ही थंडी गृहीत धरून बसवलेली आहे. गाडीच्या नाकातून एक वायर लोंबत असते. इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरची ती. घराबाहेर, कामाच्या ठिकाणी, खांबाखांबावर त्यासाठी प्लग असतात. रात्रभर उभ्या गाडीचे टायर तळाशी चपटे होऊन तसेच कडक होतात आणि पहिला किलोमीटर बैलगाडीत बसल्यासारखा जातो, मग ते गोल होतात. कपड्यांवर मी बोलत नाही. चांगला पार्का, म्हणजे टोपीचा जाड कोट, चांगले बूट, आणि बोटांचे मोजे नकोत, चारही बोटं एकत्र राहतील असे मिटन हवेत. विकत मिळतं, एकदाच घ्यायचं.

थंडी पैशाने आणि सवयीने सुटते. न सुटणारं असतं ते अंतर, आणि फाइलमध्ये ‘अंतर’ नावाची ओळच नव्हती.

अंतर

सर्वांत जवळचं मोठं शहर एडमंटन, १,४५० किलोमीटर. गावातून दक्षिणेला जाणारा रस्ता एकच. तो मॅकेंझी नदी ओलांडतो. फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळचा डेह चो पूल ३० नोव्हेंबर २०१२ला सुरू झाला. त्याआधी उन्हाळ्यात तराफा-बोट, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरचा रस्ता, आणि मधल्या काळात, बर्फ फुटताना आणि धरताना, काहीच नाही. त्या आठवड्यांत ताजी भाजी विमानाने यायची आणि तिचे भाव बघून माणसं गोठवलेल्या मटारांकडे वळायची. पूल झाल्यावर ते संपलं. पण रस्ता अजूनही एकच आहे.

वीज स्वतंत्र : उत्तर अमेरिकेच्या मोठ्या जाळ्याशी गाव जोडलेलंच नाही, स्नेअर नदीवरची जलविद्युत आणि तिला आधार म्हणून डिझेलची जनित्रं.

आणि ऑगस्ट २०२३. वणवा जवळ आला म्हणून १६ तारखेला संध्याकाळी अख्खं शहर रिकामं करायचा आदेश निघाला. काही माणसं विमानाने गेली, बाकीच्या गाड्यांची रांग त्या एका रस्त्यावर, दुतर्फा धूर. परत यायला परवानगी मिळाली ६ सप्टेंबरला. तीन आठवडे. मी त्याला म्हटलं, ‘आई’च्या ओळीत गुण भरण्याआधी त्या तीन आठवड्यांत आईला कुठे ठेवलं असतं ते मला सांग. त्याने दोन दिवस फोन केला नाही.

दुसरं, आईचं हृदय. गावातलं रुग्णालय चांगलं आहे, इमारत २०१९ची. पण अँजिओग्राफी, स्टेंट, शस्त्रक्रिया यासाठी एडमंटन. डॉक्टरांनी पाठवलं तर प्रवासाची सरकारी योजना आहे, तातडीचं असेल तर हवाई रुग्णवाहिका आहे. व्यवस्था चालते. पण छातीत कळ आल्यापासून कॅथलॅबच्या, म्हणजे स्टेंट बसवतात त्या खोलीतल्या, टेबलापर्यंतचा वेळ ब्रॅम्प्टनमध्ये मिनिटांत मोजायचा असतो, इथे तासांत. हे सुनेला माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. तिने ते बोलून दाखवलं नव्हतं, कारण नोकरी तिची होती आणि सासूवरून नाही म्हटलं तरी तीच वाईट, हो म्हटलं तरी तीच.

पैसा

त्याने कुठेतरी वाचलं होतं की उत्तरेत राहणाऱ्यांना वर्षाला ८,०३० डॉलर कर माफ. चूक इथेच. रोजचे ११ डॉलर मूळ आणि घरातून एकच जण मागत असेल तर आणखी ११, असे दिवसाला २२, म्हणून वर्षाला ८,०३०. पण ही वजावट उत्पन्नातून होते, करातून नाही. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हातात त्यातले साधारण २,४०० येतात. दोघांनी मागितली तरी घराची बेरीज तीच, ११ अधिक ११. शिवाय सलग सहा महिने तिथे राहिलं तरच मिळते. पाचव्या महिन्यात कंटाळून परतलात तर शून्य. प्रवासासाठी वर्षाला दोन फेऱ्यांपर्यंत वेगळी वजावट आहे, ती चांगली आहे.

जमेच्या बाजूला आणखी एक : प्रदेशाचा स्वतःचा विक्रीकर नाही, केंद्राचा ५ टक्के तेवढा. ओंटारिओत १३. खर्चाच्या बाजूला पगारातून कापला जाणारा २ टक्के पेरोल कर, ज्याचं नाव नोकरीच्या पत्रात सहसा नसतं. मग घरभाडं, गरम करण्याचं तेल, किराणा, आणि विमानाची तिकिटं. हे सगळं मांडल्यावर निघालं ते असं : तिच्या एकटीच्या वाढीव पगारात शिल्लक जवळपास काही नाही. शिल्लक पडायला त्याला तिथे नोकरी हवी.

त्याची भिस्त हिऱ्यांच्या खाणींवर होती. डिझेल मेकॅनिकला खाणीत मागणी असतेच, हे खरं. पण एकाती १९९८ला सुरू झाली, डायविक २००३ला, गाचो कुए २०१६ला. यातल्या डायविकचं उत्पादन २०२६मध्ये थांबणार हे कंपनीने आधीच सांगितलेलं, आणि प्रयोगशाळेत बनलेल्या हिऱ्यांनी बाकीच्यांचे भाव पाडलेले. दुसरी गोष्ट त्याच्या लक्षातच आली नव्हती. खाणी गावापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत, कामगार विमानाने नेतात, दोन आठवडे काम आणि दोन आठवडे सुट्टी. त्यातले बरेच जण यलोनाइफला राहतच नाहीत, दक्षिणेतून येऊन-जाऊन करतात. म्हणजे खाणीत नोकरी मिळाली तर बायको-मुलगी महिन्यातले चौदा दिवस नव्या गावात, अंधारात, एकट्या, आणि तो घरी नाही.

"मग मी काय करू तिथे?" त्याने विचारलं. मला हा प्रश्न या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशा स्थलांतरांत ज्याला पत्र येतं त्याचं बरं चालतं. पहिल्या दिवसापासून काम, ओळखी, कारण. मोडतो तो सोबत गेलेला. मी पाहिलेल्या परत गेलेल्या घरांत थंडीने परत गेलेलं एकही घर मला आठवत नाही. सोबत गेलेल्या माणसाला काम नाही किंवा दक्षिणेत कोणीतरी आजारी, बहुतेक वेळा कारण या दोनांपैकी एक.

त्याने खाणी सोडून गावातल्या गॅरेजांकडे अर्ज टाकायला सुरुवात केली. पगार कमी, पण रोज संध्याकाळी घरी.

नोव्हेंबरातले पाच दिवस

पाहायला जाणं दोघांनाही मान्य होतं, पण पुढच्या ऑगस्टमध्ये. मी म्हटलं, ऑगस्टात यलोनाइफ पाहून निर्णय घेणं म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये मुलगा पाहण्यासारखं आहे. तो म्हणाला, मग फेब्रुवारी, कडाक्याची थंडी. तेही नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये थंडी असते पण ऊन परत आलेलं असतं, बर्फ लखलखतो, मार्चमध्ये गोठलेल्या खाडीवर बर्फाचा किल्ला बांधून महिनाभर उत्सव चालतो. माणूस प्रेमात पडतो. खरी परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी. सरोवर पुरतं गोठेपर्यंत त्याच्या वाफेचे ढग शरद ऋतूभर गावावर बसलेले असतात. दिवस आखडत चाललेला. २१ डिसेंबरच्या सुमाराला तर सूर्य सकाळी दहानंतर उगवून तीनला मावळतो, पाच तासांचा दिवस. मोठ्या सरोवरावरच्या बर्फाचा अजून भरवसा नसतो, पाण्यावर आता जाता येत नाही.

ते दोघं नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेले, मुलीला आजीपाशी ठेवून. मी एक यादी दिली होती. रोज सकाळी आठला उठून चालत एखाद्या दुकानापर्यंत जायचं. एक संध्याकाळ काहीही न करता खोलीत काढायची. आणि घरं पाहताना मालकाला एकच कागद मागायचा, गेल्या हिवाळ्याची तेलाची बिलं.

घरं दोन पाहिली. पहिलं ओल्ड टाउनमध्ये, खडकावर, सरोवर दिसणारं, सुंदर. तिथे पाणी टँकरने येतं आणि सांडपाणी टँकरने जातं. चार माणसांच्या घरात रोज अंघोळीच्या बादल्या मोजायची तयारी असेल तर ठीक. शिवाय तिथली जमीन तुकड्यातुकड्याने कायम गोठलेली. घर थोडं हललं की दारं चौकटीत बसत नाहीत, आणि या घराचं एक दार तसंच होतं. दुसरं नव्या वस्तीत, नळ असलेलं, कंटाळवाणं. बिलं दाखवली ती दुसऱ्याच्याच मालकाने. पुढे जायचं ठरल्यावर तेच घेतलं.

तिला गावाबद्दल जे कळलं ते यादीतून नाही. भेटलेल्या प्रत्येकाने, दुकानात, रुग्णालयात, टॅक्सीत, एकच विचारलं : किती वर्षांसाठी आलात? आधी तिला ते तुसडं वाटलं. मग रुग्णालयातल्या एका जुन्या परिचारिकेने समजावलं. ती यलोनाइव्ह्ज डेने या तिथल्या मूळ रहिवासी समाजाची, तिचं घर डेट्टाहला, खाडीपलीकडे. हिवाळ्यात तिथून बर्फावरच्या रस्त्याने कामावर येते. ती म्हणाली, दर दोन वर्षांनी नवी माणसं येतात, आम्ही शिकवतो, ती शिकतात आणि निघून जातात. किती जीव लावायचा हे ठरवायला आम्ही विचारतो. या भूमीवर सोन्याची खाण आली आणि गेली, जमिनीखाली २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड ठेवून गेली. जायंट माइन, १९४८ ते २००४. आता ती विषारी भुकटी जागच्या जागी गोठवून ठेवायचं काम चालू आहे. येऊन, घेऊन, निघून जाणाऱ्यांकडे तिथली माणसं कशी बघतात हे समजायला एवढा तपशील पुरेसा आहे. दोन वर्षांच्या बचतीसाठी जाणाऱ्या घरानेही तो माहीत असूनच जावं.

आजी

डिसेंबरात मी त्यांच्याकडे दोन दिवस राहिलो. जेवणं झाल्यावर नेहमीची चर्चा, आईला न्यायचं की नाही. नेलं तर धोका, ठेवलं तर मन लागणार नाही. ती स्वयंपाकघरात, सगळं ऐकत. शेवटी हात पुसत बाहेर आली.

"तुम्ही तीन महिने माझ्याबद्दल बोलताय. मला कोणी विचारलंय का?"

कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि मी त्याला ‘आई’च्या ओळीवरून शहाणपण शिकवलं होतं.

तिचं म्हणणं सरळ होतं. हिवाळ्यात ती येणार नाही, बर्फावर पाय घसरून खुबा मोडायची हौस नाही. लेकीकडे मिसिसागाला राहील, डॉक्टर तेच, देऊळ तेच. जूनमध्ये येईल, ऑगस्टच्या आधी परत जाईल, वणव्याच्या गोष्टी तिनेही ऐकल्या होत्या. आणि मुलाला म्हणाली, "माझ्यामुळे थांबलात असं मला आयुष्यभर ऐकवू नका, आणि माझ्यामुळे परत आलो असंही नको."

दुसऱ्या वाक्यावर तो गप्प झाला. कारण परत येण्याची अट तो नेमकी तीच घालणार होता.

कागद

माझा सल्ला होता : जाऊ नका. त्याला नोकरी मिळेपर्यंत तरी नाही. त्यांनी तो अर्धा मानला. तिने रुग्णालयाकडे रुजू होण्याची तारीख १ जूनपर्यंत पुढे मागून घेतली, त्याला फेब्रुवारीत बस दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजातून होकार आला, आणि मगच तिने सही केली. जुन्या रुग्णालयातून राजीनामा दिला नाही, वर्षाची बिनपगारी रजा घेतली. सही करण्याआधी एक कलम वाचलं ते बरं झालं : वर्षाच्या आत सोडलं तर सामान हलवण्याचा खर्च परत करायचा.

घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं. "घर आहेच, कधीही परतू," असं तो म्हणत होता. ओंटारिओत ते तितकं सोपं नाही. स्वतः राहायला घर परत हवं असेल तर भाडेकरूला ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, ठरलेली मुदत संपण्याआधी त्याला काढता येत नाही, आणि तो हलला नाही तर न्यायाधिकरणाकडे जाऊन ताटकळत बसायचं. म्हणून करार १ जून ते ३१ मे, बरोबर एक वर्ष, तिच्या रजेइतका.

मग एका पानावर त्यांनी परतीच्या अटी लिहिल्या. जाण्याआधी लिहिल्या हे महत्त्वाचं. तिथे गेल्यावर प्रत्येक वाईट आठवड्यात अट बदलते. आईला रुग्णालयात ठेवावं लागलं तर त्याने ४८ तासांत पोचायचं. दोनदा जमलं नाही तर परत. त्याची नोकरी गेली आणि तीन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर परत. परतीचे पैसे, म्हणजे तिघांची तिकिटं, सामान आणि तीन महिन्यांचं भाडं, वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही. फेरविचार १ मार्चला, म्हणजे भाडेकरूच्या नोटिशीच्या शेवटच्या दिवसाआधी एक महिना. मुलीने खाली स्वतःची एक अट घातली : परत जायचं असेल तर शाळेचं वर्ष संपल्यावर.

पहिलं वर्ष

मेच्या शेवटी ते गाडीने गेले. आजी जूनमध्ये आली आणि रात्री साडेअकराला खिडकीत ऊन बघून वैतागली. अंधाराबद्दल मी एवढं बोललो होतो, उजेडाबद्दल बोलायचं राहून गेलं. मुलगी महिनाभर धड झोपली नाही. काळे पडदे शेवटी आजीनेच शिवले.

नोव्हेंबरात मला वाटत होतं त्याची बायको खचेल. खचला तो. गॅरेजात काम भरपूर होतं, तरी शनिवार-रविवार अंथरुणातून उठायचा नाही. तिने त्याला ओढून गावातल्या बॅडमिंटनच्या गटात घातलं, त्याने थोडं सावरलं. एका रात्री उणे ३८ असताना घर गरम ठेवणारी तेलाची फर्नेस बंद पडली. नळ गोठू नयेत म्हणून सगळे बारीक धारेने सोडून ते चार तास मेकॅनिकची वाट बघत बसले. तो स्वतः डिझेलचा मेकॅनिक, पण फर्नेसला हात लावायची हिंमत झाली नाही.

जानेवारीत आजीला दोन दिवस रुग्णालयात ठेवलं. धाप लागत होती, औषधं बदलली. तो ३१ तासांत पोचला. अट पाळली गेली. आजी म्हणाली, "येऊन काय केलंस? खुर्चीत बसून मोबाइल बघितलास." पण बहिणीने मला नंतर सांगितलं की तो दिसल्यावरच ती जेवली.

१ मार्चला त्यांनी ठरल्याप्रमाणे पान काढलं. एकही अट मोडलेली नव्हती. खात्यात शिल्लक होती, अंदाजापेक्षा कमी, पण होती. तिला राहायचंय. मुलीला राहायचंय, तिची जवळची मैत्रीण मात्र जुलैत जाणार आहे, तिच्या वडिलांची खाणीतली नोकरी संपली. त्याला काय हवंय ते तो सांगत नाही. त्या पानावर त्याच्या मनाबद्दल एकही अट नव्हती, हे मला फोनवर त्यानेच सांगितलं. ते पान लिहिताना मी शेजारी बसलो होतो.

भाडेकरूची नोटीस ३१ मार्चपर्यंत द्यायची आहे. फॉर्म त्याने भरून ठेवलाय, सही केलेली आहे, तारीख तेवढी कोरी आहे.